कोल्हापूरला जाताय? यादी अर्धी करा

‘कोल्हापूर काय, दोन दिवसांत होतं,’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. होतं, त्यात खोटं काही नाही. सकाळी अंबाबाई, दुपारी न्यू पॅलेस, संध्याकाळी रंकाळा. दुसऱ्या दिवशी जोतिबा, पन्हाळा आणि जमलंच तर नरसोबाची वाडी. फोटो ढिगाने निघतात, आजोबांचे गुडघे बोलायला लागतात, मुलं गाडीत झोपून जातात. आणि महिन्याभराने धाकटीला विचारलं, ‘पन्हाळ्यावर काय होतं गं?’ की ती सांगते, ‘कणीस.’

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे मुक्काम तीन करा आणि दिवसाला मोठं ठिकाण एकच धरा. दुसरी याहून महत्त्वाची. प्रत्येक ठिकाणी मुलांना शोधायला एक गोष्ट द्या. इतिहास आधी सांगायचा नाही, आधी कोडं घालायचं. हे दोन नियम पाळले तर बाकी नियोजन थोडं इकडंतिकडं झालं तरी चालतं.

आधी केव्हा जायचं ते बघू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सोयीचा काळ. ऊन सोसतं आणि गुऱ्हाळं चालू असतात. पण डिसेंबर-जानेवारी म्हणजे शाळांच्या सहलींचेही महिने. सकाळी अकराच्या सुमाराला चार-पाच एसट्या एकदम रिकाम्या झाल्या की कुठल्याही संग्रहालयात काचेपर्यंत पोचता येत नाही, म्हणून दार उघडताच आत शिरा किंवा सरळ जेवण उरकून जा. जुलै-ऑगस्टमध्ये पन्हाळा हिरवागार असतो, पण धुकं उतरलं की समोरचा बुरूजही दिसत नाही. त्या दिवसांत कृष्णा-पंचगंगेला पूर असला तर शिरोळ तालुक्यातले रस्ते बंद होतात, म्हणजे नरसोबाची वाडी आणि तिसऱ्या दिवसासाठी सुचवलेलं खिद्रापूरचं देऊळ दोन्ही बाद. एप्रिल-मेमध्ये गडावर वारा असतो, पण शहरातल्या काळ्या फरशीवर अनवाणी चालताना पाय भाजतात.

पुण्याहून महामार्गाने अंतर साधारण २३० किलोमीटर आहे. मुंबईकरांनी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली तर सकाळी ताजेतवाने उतरता येतं. तीन दिवस स्वतःची गाडी हवीच असं नाही. शहरात रिक्षा पुरते. बाहेरच्या दोन दिवसांसाठी गाडी ठरवून घ्या.

पहिला दिवस शहराचा. अंबाबाईचं दर्शन पहाटे उरकावं. मंगळवार-शुक्रवार देवीचे वार, त्या दिवशी रांग लांबते. नवरात्रात तर मुलाबाळांना घेऊन न गेलेलं बरं. देऊळ पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. हा किरणोत्सव साधारण ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत असतो. आकाशात ढग असले किंवा हवेत धूळ असली की किरणं पायांशीच अडतात. ज्यांना तो पाहायचाय त्यांनी मुक्काम त्याच तारखांना बेतावा, आणि निराशेची तयारीही ठेवावी. एरवी गेलात तर मुलांना महाद्वारापासून गाभाऱ्यापर्यंत एक सरळ रेघ डोळ्यांनी ओढायला सांगा. एवढ्या लांबून उजेडाला वाट करून द्यायची म्हणजे बांधणाऱ्यांनी किती हिशेब केला असेल, हे त्यांना आपोआप कळतं.

गाडी लावायला बहुतेक जण बिंदू चौकात येतात, पावती घेतात आणि देवळाकडे चालू लागतात. जरा थांबा. त्या चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांचे पुतळे आहेत. ते ९ डिसेंबर १९५० ला बसवले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. हयात माणसाचा पुतळा चौकात उभारावा असं या गावाला का वाटलं, त्याचं उत्तर दसरा चौकात मिळतं. तिथे शाहू महाराजांचा पुतळा आहे आणि आसपास वेगवेगळ्या समाजांची जुनी वसतिगृहं, इथल्या भाषेत बोर्डिंगं. २६ जुलै १९०२ ला शाहूंनी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या. पण हुकूम काढला म्हणून शिकलेला माणूस तयार होत नाही. खेड्यातल्या पोराला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण लागतं, म्हणून ही बोर्डिंगं. पाट्या वाचत अर्धा तास चाला. तिकीट नाही, रांग नाही, आणि दहावीतल्या मुलाला पुस्तकातला धडा डोळ्यांसमोर दिसतो. शाहूंचा जन्म झाला तो लक्ष्मी विलास पॅलेस कसबा बावड्यात आहे. हातात वेळ असेल तर तिकडेही जाता येईल.

आता संग्रहालयं. कोल्हापुरात दोन मोठी आहेत आणि लोक त्यातलं एकच बघतात.

न्यू पॅलेस सगळ्यांना ठाऊक असतो. १८७७ ते १८८४ या काळात काळ्या घडीव दगडात बांधलेला हा वाडा मेजर चार्ल्स मँट या अभियंत्याचा. तळमजल्यावर शहाजी छत्रपती संग्रहालय आहे, वर राजघराण्याचा रहिवास. आत फोटो काढू देत नाहीत, आणि मला तर ते बरंच वाटतं. लोक निदान बघतात तरी. दरबार हॉलमधल्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत. हॉलच्या मध्यभागी उभं राहून मुलांना प्रसंग ओळखायला लावा. शस्त्रांच्या दालनात मुलं रेंगाळतातच, त्यांना हाकलू नका. शिकारीच्या दालनात मात्र लहान मुलं कधी बिचकतात. पेंढा भरलेले वाघ-बिबटे, जनावरांच्या अवयवांपासून केलेल्या वस्तू असं बरंच काही आहे. ‘हे वाघ का मारले?’ हा प्रश्न येणारच. ‘तेव्हा मारायचे’ म्हणून तो झटकू नका. याच संस्थानचं दाजीपूरचं जंगल पुढे गव्यांसाठी अभयारण्य झालं, हे सांगा. मग बाहेरच्या आवारात हरणं दाखवा.

दुसरं संग्रहालय टाउन हॉलचं. इमारत पुन्हा मँटचीच, न्यू पॅलेसच्याही आधीची. बागेतली जुनी झाडं आणि तोफा बघून बरेच लोक माघारी वळतात, हे फार वाईट. पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १९४५-४६ च्या सुमाराला तिथे उत्खनन झालं. डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया आणि मो. गं. दीक्षित त्यात होते. सातवाहन काळातलं गाव हाती लागलं, आणि त्या परिसरात मिळालेल्या वस्तूंत होती पोसायडनची ब्राँझची मूर्ती, वीतभरही उंच नाही. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. कोल्हापुरातून समुद्र बघायचा तर सह्याद्रीचा घाट उतरून जावं लागतं. मग हा समुद्रदेव घाट चढून इथे कशाला आला?

हे मुलांना द्यायचं कोडं. आत जाण्याआधी सांगा, ‘या घरात एक परदेशी पाहुणा लपलाय, दोन हजार वर्षांपूर्वी आलेला. शोधा.’ मुलं प्रत्येक कपाटाला नाक लावून फिरतील. सापडल्यावर रोमशी चालणाऱ्या व्यापाराची गोष्ट सांगा. बंदरावर उतरलेला माल घाटवाटांनी वर येई, त्याच्याबरोबर माणसं येत, देवही येत. आणि जमलं तर त्याच संध्याकाळी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर चक्कर मारा. वस्तू जिथे सापडली ती माती पायाखाली आली की संग्रहालयाच्या काचेला अर्थ येतो. चित्रांची आवड असलेल्यांनी इथल्या कोल्हापुरी चित्रकारांच्या दालनात आबालाल रहिमान यांच्यासाठी वेळ राखावा. टाउन हॉलला सोमवारी सुट्टी असते. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा टाकणारे नेमके इथे फसतात, तेव्हा शहराचा दिवस शनिवारी ठेवा.

दुसरा दिवस अख्खा पन्हाळ्याला. शहरापासून वीसेक किलोमीटर, गाडी थेट गडावर जाते, म्हणून लोकांना वाटतं तासाभराचं काम. गडाच्या पोटात आख्खं गाव आहे आणि तटाचा घेर कित्येक किलोमीटरचा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात पन्हाळा आहे. तेव्हापासून गर्दी वाढलीय. रविवार टाळा, कारण तो जोतिबाचाही वार आणि दोघांचा रस्ता बराचसा एकच. शहर शनिवारी केलं असेल तर दुसरा आणि तिसरा दिवस अदलाबदल करा. गुलालाने माखलेल्या गाड्यांच्या मागे घाटात अडकलात की सकाळ गेली.

गाडीरस्ता जिथून आत शिरतो तिथे पूर्वी चार दरवाजा होता. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी तो पाडला. नसलेल्या दरवाजापासून सुरुवात करा, पुढचे दरवाजे मग नीट दिसतात. तिथून सरळ अंबारखान्याकडे चला, आणि घड्याळ खिशात ठेवा.

अंबारखाना म्हणजे धान्याची कोठारं. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन, त्यांत गंगा सगळ्यात मोठी. आत शिरलात की डोळे अंधाराला सरावायला मिनिटभर लागतं. मग कमानी दिसतात, ओळीने घुमट दिसतात, आणि आपलाच आवाज उलटून अंगावर येतो. मुलं ओरडतील, दोनदा ओरडू द्या. मग विचारा: ‘एवढ्या मोठ्या खोलीत धान्य भरायचं कसं? दारातून पोती आणली तर दाराशीच ढीग होईल आणि मागची जागा रिकामी राहील.’ थोडं डोकं खाजवून झालं की बाहेरच्या पायऱ्यांनी छताकडे न्या. छपराला भोकं आहेत. धान्य वरून ओतायचं, काढायचं खालून. भात, नाचणी, वरी साठवलेल्या या कोठारांच्या जोरावर १६६० च्या सिद्दी जौहरच्या वेढ्यात गड महिनोन्‌महिने तग धरून राहिला. मार्चमध्ये पडलेला वेढा पावसाळा लागला तरी उठला नाही, तेव्हा आषाढी पौर्णिमेच्या रात्री महाराज निसटले. शिवा काशीद पालखीत बसला, बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवली. ही गोष्ट प्रत्येक मराठी पोराला पाठ असते. पण वेढ्यात खाल्लं काय, याचं उत्तर त्या भोकांत आहे, आणि ते एकदा सापडलं की लढाईची गोष्ट निराळी ऐकू येते.

तिथून तीन दरवाजा आणि अंधारबाव ही जोडगोळी घ्या. अंधारबाव बाहेरून विहीर वाटत नाही, एखादी बसकी इमारत वाटते. मजले खाली उतरत जातात आणि तळाला पाणी. वेढा घालणाऱ्याला पाण्यात विष कालवता येऊ नये म्हणून विहिरीवर अख्खी वास्तू चढवलेली. पायऱ्या ओल्या नि निसरड्या असतात. आजी-आजोबांना वर सावलीत बसवा. सज्जा कोठी पूर्वेच्या कड्यावर आहे. संभाजीराजांना इथे नजरकैदेत ठेवलं होतं अशी परंपरा सांगते. शिवाजी महाराज गेले तेव्हा ते पन्हाळ्यावर होते हे मात्र पक्कं. कवी मोरोपंतांचा जन्मही याच गडावरचा. जेवायला हॉटेल शोधू नका. तबक बागेच्या बाजूला बायका चुलीवर भाकरी थापून झुणका, खर्डा, दही वाढतात. खर्डा मुलांच्या ताटात पडू देऊ नका, इथल्या मिरचीला पाहुण्यांची दया येत नाही.

गडावर गाइड जरूर करा, पण दोन कान ठेवून. भुयार थेट विशाळगडापर्यंत जातं, अमुक राणीने इथून उडी टाकली, असं प्रत्येक गडावर ऐकायला मिळतं. मुलांना एक प्रश्न शिकवून ठेवा: ‘काका, हे कुठे लिहिलंय?’ चांगला गाइड खूश होतो आणि शिलालेख दाखवतो. नुसता रंगवून सांगणारा विषय बदलतो. पावनखिंड त्याच दिवशी जोडायचा मोह आवरा. गाडीने लांबचा वळसा आहे, खिंडीत उतरायचं-चढायचं आहे, आणि पायी जायचं तर पावसाळ्यात निघणाऱ्या मोहिमांबरोबर वेगळं जावं.

तिसऱ्या दिवशी दोन वाटा फुटतात. घरात पाच-सहा वर्षांची मुलं आणि म्हातारी माणसं दोन्ही असतील, तर कणेरी मठाचं सिद्धगिरी संग्रहालय. महामार्गापासून जवळच, शहरापासूनही फार लांब नाही. सिमेंटच्या हुबेहूब माणसांतून जुनं गाव उभं केलंय. मोट हाकणारा, पखाल वाहणारा, कुंभार, लोहार, सोनार, शेतात जेवायला बसलेलं कुटुंब. इतिहासाच्या दृष्टीने हे जरा गोग्गोड आहे. या गावात भूक, सावकार, वेशीबाहेरची वस्ती यांचा त्रास फारसा जाणवत नाही, आणि मोठ्या मुलांशी तेवढं बोलायला हवं. पण इथे एक गंमत घडते. दोन दिवस मागे मागे रेंगाळणारे आजोबा इथे पुढे होतात. मोटेची धाव किती लांब असायची, बलुतं कसं मोजायचे, हे त्यांना पाटी न वाचता सांगता येतं. आईबाबांनी तिथे गप्प बसावं. टोपी आणि पाणी बरोबर हवं, कारण बरंचसं चालणं उघड्यावर आहे.

मुलं जरा मोठी असतील तर मात्र खिद्रापूर, डोळे झाकून. साधारण साठ किलोमीटर, कृष्णेच्या काठी, कर्नाटकाच्या सीमेला चिकटून. कोपेश्वराचं हे शिलाहारकालीन देऊळ सपाटीवर असल्याने आजीही आरामात फिरते. समोरच स्वर्गमंडप. खांबांच्या गोल रिंगणावर छत चढत जातं आणि मध्यभागी छतच नाही, गोल आभाळ आहे. खाली बरोबर त्याच मापाची गोल शिळा. तिच्यावर उताणं झोपून वर बघण्यात लाज वाटू देऊ नका. गर्दी नसेल तर तसंच बघावं. एकेक खांब चौकोनी, अष्टकोनी, गोल असा आकार बदलत वर जातो. मुलांना एका खांबावरचे बदल मोजायला लावा. बाहेरून देवळाचा भार हत्तींच्या रांगेने पाठीवर घेतलाय. बरेच हत्ती फुटलेत, पण ज्यांचे चेहरे शाबूत आहेत त्यांतले दोन सारखे सापडतात का बघा.

इथलं कोडं वेगळं. शिवाचं देऊळ आहे, मग नंदी कुठाय? शोधून दमले की सांगा. कथा अशी की दक्षाच्या यज्ञात सतीने देह टाकला, शिव कोपला, त्याची समजूत विष्णूने घातली. म्हणून गाभाऱ्यात कोपेश्वराबरोबर धोपेश्वरही आहे. आणि नंदी सतीबरोबर माहेरी गेला तो तिकडेच राहिला, कर्नाटकातल्या यडूरला. कथा झाली की देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा संस्कृत शिलालेख दाखवा. तेराव्या शतकात या देवळाला दान दिल्याची नोंद आहे. कथा आणि कागद यांतला फरक एका आवारात समजतो. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री चंद्र त्या गोल झरोक्यावर येतो, तो बघायला हजारो लोक जमतात. लहान मुलं असतील तर पुढेमागे कुठल्याही सकाळी या. परतीच्या वाटेवर नरसोबाची वाडी लागते. दर्शन, संगम आणि बासुंदी, हाच क्रम ठेवा. बासुंदी आधी झाली तर संगमाच्या पायऱ्या कुणी उतरत नाही.

गुऱ्हाळ चालू दिसलं तर थांबा, पण आधी गुळव्याची परवानगी घ्या. चरकातून रस, काहिलीत उकळी, भेंडीच्या चिकाने वर येणारी मळी, ती काढण्याची घाई, आणि मग पाक वाफ्यात ओतल्यावर येणारा वास. काहिलीपासून मुलांना दोन हात लांब धरा. उकळता रस पाण्यापेक्षा वाईट भाजतो. संध्याकाळ मोकळी मिळाली तर एखाद्या तालमीत जाऊन वस्तादांना विचारा, ‘लांब उभं राहून बघू का?’ सहसा नाही म्हणत नाहीत. चपला काढूनच आत जायचं आणि तांबड्या मातीत पाय घालायचा नाही. शाहूंनी उभारलेलं खासबाग मैदान आधी बघून ठेवलं असेल, तर एवढं मोठं मैदान गावाला कशासाठी लागलं ते इथे कळतं.

खाण्याबद्दल थोडंच सांगतो, कारण प्रत्येक कोल्हापूरकर वेगळं दुकान सांगेल आणि बाकीच्यांना नावं ठेवील. मिसळ सकाळी, कट वेगळा मागून. मुलांना पांढऱ्या रश्श्यापासून सुरुवात. गंगावेशीला म्हैस समोर पिळून फेसाळ दूध देतात. ते बघायला छान, पण लहानग्यांना तापवलेलंच पाजा. चप्पल घ्यायची तर पहिल्याच संध्याकाळी घ्या आणि मुक्कामात घरच्या घरी घालून बघा, नवी कोल्हापुरी पहिले काही दिवस चावतेच. ती घालून पन्हाळा चढायला निघू नका. काकवी घ्याल ती काचेच्या बाटलीत, झाकणाला प्लास्टिक बांधून, आणि डिकीत उभी. आडवी ठेवली तर घरी पोचेपर्यंत बॅगेतल्या निम्म्या कपड्यांना मुंग्या लागलेल्या असतील.